गाडीसाठी ॲम्प्लिफायर निवडताना: वॅटच्या आकड्याआधी बघायच्या गोष्टी

‘किती वॅटचा ॲम्प घेऊ?’ असं नवीन माणूस सगळ्यात आधी विचारतो. खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. स्पीकर कोणते आहेत, ते किती ओहमचे आहेत, गाडीतून सिग्नल कसा मिळणार आहे आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) किती करंट देऊ शकतो, ही चार उत्तरं कागदावर मांडली की वॅटचा आकडा आपोआप निघतो. खोक्यावरचा मोठा आकडा बघून ॲम्प आधी उचलला, तर मग स्पीकर, वायर, बॅटरी सगळं त्याच्या मागे धावत बसतं.

मी माझ्या गाडीची सिस्टीम टप्प्याटप्प्याने उभी केली आणि पुढे मित्रांच्या गाड्यांमध्येही हात घातला. प्रत्येक वेळी अडचणी त्याच त्या येतात. म्हणून निवडीपासून गेन (ॲम्पला सिग्नलशी जुळवायची खुंटी) लावण्यापर्यंतचा सगळा क्रम इथे लिहितो आहे. काम तुम्ही स्वतः करा किंवा फिटरकडून करून घ्या, हा क्रम माहीत असला की कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

सुरुवात करण्याआधी जवळ ठेवा

कागद:
- स्पीकर आणि सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर) यांची माहितीपत्रकं. हरवली असतील तर मागचं मॉडेल नंबरचं लेबल नीट वाचून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.
- स्टिरिओचं मॅन्युअल, आणि त्यात मागच्या बाजूच्या वायरिंगचं चित्र.
- गाडीचं मॅन्युअल. बॅटरी कुठे आहे, अल्टरनेटर किती ॲम्पिअरचा आहे आणि वॉरंटीच्या अटी काय आहेत ते बघायला.
- विचारात असलेल्या ॲम्पचं पूर्ण मॅन्युअल. खोक्याचा फोटो पुरत नाही.

हत्यारं: मल्टिमीटर, लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) दाबायचा क्रिंपिंग पक्कड, वायर सोलायचा पक्कड, १० मिलिमीटरचा पाना, सॅंडपेपर, रबरी ग्रोमेट, टेप आणि केबल टाय. यातला मल्टिमीटर मात्र स्वतःचा असू द्या. पुढच्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर तो लागणार आहे.

१. ॲम्प कशासाठी हवा आहे ते ठरवा

स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असतं. मग वेगळा ॲम्प कशाला, असं वाटणं साहजिक आहे. हा ५० चा आकडा कुठून येतो ते बघा. चालू गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४ चा वर्ग केला आणि ४ ओहमने भागलं की ५१.८ वॅट येतात. म्हणजे आवाज पूर्ण फाटून चौकोनी लहर झाली तरच ही पॉवर मिळते. स्वच्छ लहरीसाठी तेच गणित अर्ध्यावर येतं, म्हणजे २६ वॅट, आणि सर्किटमधली घट वजा केली की प्रत्यक्षात चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरच्या वाट्याला, १८ ते २२ वॅट हातात येतात. रोजच्या ऐकण्याला ते पुरतात. हायवेवर काचा बंद करून, टायरच्या आवाजावर मात करून ऐकायचं म्हटलं की ते कमी पडतात आणि गाणं कर्कश होतं.

आता गरज कोणती ते ओळखा:

- फक्त दरवाजातले स्पीकर नीट वाजवायचे असतील तर चार चॅनेलचा ॲम्प.
- स्पीकर समाधानकारक आहेत, फक्त बेस हवा असेल तर मोनो, म्हणजे एका चॅनेलचा ॲम्प आणि सबवूफर.
- दोन्ही हवं असेल तर पाच चॅनेलचा एकच ॲम्प, किंवा चार चॅनेल अधिक मोनो असे दोन.

चौथा एक रस्ता आहे आणि नवीन माणसाला मी बहुतेक वेळा तोच सुचवतो. चार चॅनेलचा ॲम्प घ्या. पहिले दोन चॅनेल पुढच्या दरवाजातल्या स्पीकरना द्या, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून एकाच चॅनेलसारखे, सबवूफरला द्या. मागचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या. गाणं आपण पुढे बसून ऐकतो, त्यामुळे पैसा आणि पॉवर पुढे गेलेली बरी. एकाच ॲम्पमध्ये काम होतं, वायरिंगही एकच. पुढे हौस वाढली तर मोनो ॲम्प वेगळा घेता येतो आणि हाच चार चॅनेलचा ॲम्प तेव्हा चारही दरवाजे सांभाळतो.

२. स्पीकरचं पत्रक वाचा

तीन आकडे शोधा: आरएमएस वॅट, म्हणजे सतत चालणारी पॉवर; इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ओहममध्ये; आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती आवाज देतो, डेसिबलमध्ये.

‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ लिहिलेला आकडा पूर्ण सोडून द्या. निवड आरएमएसवर करायची. ॲम्पची आरएमएस पॉवर स्पीकरच्या आरएमएसइतकी किंवा दीडपटीपर्यंत असेल तर जोडी छान जमते. स्पीकर ६० वॅट आरएमएसचा असेल तर चॅनेलमागे ६० ते ९० वॅटचा ॲम्प.

‘छोटा ॲम्प लावला की स्पीकर जळतो’ असं सर्रास ऐकू येतं, ते अर्धवट आहे. कमी पॉवरने स्पीकर जळत नाही. छोट्या ॲम्पमधून जबरदस्तीने मोठा आवाज काढायला गेलं की लहरीचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. शेंडे कापलेल्या लहरीत सरासरी ऊर्जा जास्त असते आणि वरच्या सुरांमध्ये नको ते हार्मोनिक्स शिरतात. त्यात पहिला बळी ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा जातो. म्हणून थोडी जास्त पॉवर असलेला, नीट गेन लावलेला ॲम्प जास्त सुरक्षित.

सेन्सिटिव्हिटीकडे फार कमी लोक बघतात, आणि इथेच स्वस्तात फायदा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायला पॉवर दुप्पट लागते. ८९ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिल्यावर जितका आवाज येतो, तितकाच ९२ डेसिबलचा स्पीकर ५० वॅटमध्ये देतो. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. त्यामुळे ७५ आणि ९० वॅटच्या दोन ॲम्पपैकी कोणता, यावर डोकं शिणवू नका. त्या फरकातून एक डेसिबलसुद्धा निघत नाही.

इथे एक बारीक सापळा आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींची मोजणी एकाच पद्धतीची आहे ना, ते आधी बघा.

३. ओहमचं गणित आधी, खरेदी नंतर

चुकीची खरेदी सगळ्यात जास्त इथे होते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

ॲम्प किती पॉवर देतो ते समोर किती ओहम आहेत यावर ठरतं. एकच मोनो ॲम्प ४ ओहमवर ३०० वॅट, २ ओहमवर ५०० वॅट आणि १ ओहमवर ८०० वॅट देऊ शकतो. खोक्यावर साहजिकच ८०० छापलं जातं. तुमचा सबवूफर ४ ओहमचा एकच असेल तर तुमच्यासाठी तो ३०० वॅटचाच ॲम्प आहे.

दरवाजातले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात, तिथे फार गुंता नाही. गुंता सबवूफरमध्ये होतो, कारण अनेक सबवूफरना दोन कॉइल असतात. जोडणीचे नियम असे:

- दोन्ही कॉइल एकापाठोपाठ एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडल्या तर ओहमची बेरीज होते.
- सारख्या दोन कॉइल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्या तर ओहम अर्धे होतात.

म्हणजे ‘ड्युअल ४ ओहम’ सबवूफर ८ ओहमचा किंवा २ ओहमचा होतो. ४ ओहमचा करताच येत नाही. ‘ड्युअल २ ओहम’ हा ४ किंवा १ ओहमचा होतो. २ ओहमचा नाही. तुमचा ॲम्प २ ओहमवर सगळ्यात चांगला चालत असेल तर एकटा सबवूफर ‘ड्युअल ४’ घ्यायचा. त्याच ॲम्पवर दोन सबवूफर लावायचे असतील तर दोन्ही ‘ड्युअल २’ घ्यायचे: प्रत्येकाच्या कॉइल सीरिजमध्ये जोडून ४ ओहम, आणि मग ते दोन्ही पॅरलल जोडून २ ओहम. दुकानात जायच्या आधी हे चित्र कागदावर काढून न्या. सबवूफर घेऊन झाल्यावर कॉइल बदलता येत नाही.

ब्रिज करताना अजून एक गोष्ट. दोन चॅनेल ब्रिज केले की प्रत्येक चॅनेलला अर्धेच ओहम दिसतात. ४ ओहमचा सबवूफर ब्रिजवर लावला तर प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा भार पडतो. बहुतेक चार चॅनेल ॲम्प चॅनेलमागे २ ओहमपर्यंत चालतात, म्हणून त्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘ब्रिज: किमान ४ ओहम’ असं असतं. अशा ॲम्पवर २ ओहमचा सबवूफर ब्रिज केला तर थोड्या वेळात प्रोटेक्शनचा लाल दिवा लागतो आणि आवाज बंद होतो. प्रोटेक्शन नीट नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात.

मल्टिमीटरने स्पीकर तपासलात आणि ४ ऐवजी ३.३ ओहम दिसले तर घाबरू नका. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो नावाच्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो.

४. वॅटचा आकडा कोणत्या अटीवर दिला आहे

वॅटचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी तीन अटी हव्यात: किती ओहमवर, किती व्होल्टवर, किती विकृतीवर. विकृतीचा आकडा ‘टीएचडी’ या नावाने दिलेला असतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये यासाठी सीईए-२००६ हे मानक आणलं. संघटनेचं नाव बदलल्यावर ते सीटीए-२००६ झालं. त्यात पॉवर १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीसह मोजायची असते. मॅन्युअलमध्ये हे नाव दिसलं तर आकड्यांवर बराच भरवसा ठेवता येतो. हे मानक ऐच्छिक आहे, त्यामुळे नाव नसलं म्हणून ॲम्प वाईट ठरत नाही. मात्र तपासायची जबाबदारी तुमच्यावर येते.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे फ्यूज. समजा खोक्यावर ‘२००० वॅट’ आहे आणि ॲम्पच्या कडेला ३० ॲम्पिअरचे दोन फ्यूज दिसतात. एकूण ६० ॲम्पिअर. ६० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ८२८ वॅट, आणि ही झाली ॲम्पच्या आत जाणारी वीज. क्लास डी ॲम्प (हे प्रकार पुढच्या टप्प्यात येतात) तिचा साधारण ८० टक्के भाग स्पीकरपर्यंत पोचवतो, म्हणजे ६६० वॅट. क्लास एबी असेल तर ५५-६० टक्के, म्हणजे पावणेपाचशे वॅटच्या आसपास. सतत २००० वॅट देण्याइतकी वीज या ॲम्पमध्ये शिरूच शकत नाही. ही युक्ती एकाच बाजूने चालते हे लक्षात ठेवा: लहान फ्यूज खोटा आकडा उघडा पाडतो, पण मोठा फ्यूज दिसला म्हणून आकडा खरा ठरत नाही. मोठा फ्यूज कोणीही बसवू शकतं.

सिग्नल-टू-नॉइज रेशोतही असाच फरक असतो. मानकाप्रमाणे तो १ वॅटवर मोजतात, काही कंपन्या पूर्ण पॉवरवर मोजतात. १०० वॅटच्या ॲम्पमध्ये या दोन पद्धतींतला फरक २० डेसिबलचा आहे, म्हणून एका ॲम्पचे ८५ आणि दुसऱ्याचे १०५ डेसिबल प्रत्यक्षात सारखेच असू शकतात. टीएचडी ०.०१ आहे की ०.०५, यावर मात्र वेळ घालवू नका. चालत्या गाडीत तो फरक कानाला कळत नाही.

५. क्लास एबी की क्लास डी

क्लास डी लहान असतो, कमी तापतो आणि तेवढ्याच आवाजाला कमी करंट घेतो. सबवूफरसाठी डोळे झाकून क्लास डी घ्या. दरवाजातल्या स्पीकरसाठी पूर्वी एबीच घ्यावा असं सांगायचे. आताचे पूर्ण रेंजचे क्लास डी ॲम्प इतके सुधारले आहेत की सीटखाली जागा कमी असेल तर मी बिनदिक्कत तेच घेईन. एबी घेतलात तर हवा खेळती राहील अशी मोठी जागा ठेवा. ‘डी म्हणजे डिजिटल’ असं कोणी सांगितलं तर ते बरोबर नाही; ए, बी, सी यांच्यानंतरच्या एका वेगळ्या रचनेला दिलेलं ते पुढचं अक्षर आहे.

६. गाडी किती वीज देऊ शकते

गाडी चालू असताना सगळी वीज अल्टरनेटर देतो. त्याच विजेवर हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर, इंजिनचा कॉम्प्युटर आणि बॅटरीचं चार्जिंग चालतं. जे उरतं ते तुमचं.

गणित असं: आरएमएस वॅट भागिले कार्यक्षमता, भागिले १३.८. ५०० वॅटचा क्लास डी मोनो ॲम्प पूर्ण जोरात ५०० ÷ ०.८ ÷ १३.८, म्हणजे साधारण ४५ ॲम्पिअर ओढतो. संगीत सतत पूर्ण जोरात नसतं. सरासरी करंट याच्या तिसऱ्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. माझा अनुभव असा की साधारण अल्टरनेटर आणि धडधाकट बॅटरी असलेली गाडी एकूण ५००-६०० वॅट आरएमएसची क्लास डी सिस्टीम काही न बदलता सांभाळते. त्याच्या बरंच पुढे जायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरचा खर्च हिशेबात धरा, मग ॲम्प निवडा.

बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावत असतील तर बरेच जण कपॅसिटर लावायला सांगतात. कपॅसिटर वीज तयार करत नाही. क्षणभराचा खड्डा तो भरतो आणि लगेच स्वतःला भरून घ्यायला अल्टरनेटरकडेच हात पसरतो. आधी बॅटरीचे टर्मिनल, अर्थची (मायनसच्या वायरीची गाडीच्या पत्र्याला केलेली) जोड आणि बॅटरीचं वय तपासा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच नसतो. १२ व्होल्टची बाजू डीसी-डीसी कन्व्हर्टर सांभाळतो आणि त्याची मर्यादा ठरलेली असते. ती समजून घेतल्याशिवाय मोठा ॲम्प लावू नका. नारिंगी रंगाच्या जाड केबलना कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही. तिथे जिवावर बेतणारे व्होल्टेज असतं.

७. सिग्नल कुठून घेणार

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या मागे आरसीए सॉकेट, म्हणजे ॲम्पला सिग्नल देणारी गोल सॉकेट असतात. तीन जोड्या असतील तर उत्तम: पुढचे, मागचे आणि सबवूफर. या सॉकेटमधून मिळणारा सिग्नल, म्हणजे प्रीआउट, २ व्होल्टचा असतो तसाच ४ किंवा ५ व्होल्टचाही असतो. जास्त व्होल्टचा बरा, कारण मग ॲम्पचा गेन कमी ठेवता येतो आणि सुरसुर कमी ऐकू येते. ॲम्प चालू-बंद करणारी रिमोटची वायर बहुतेक अशा स्टिरिओवर निळी, पांढऱ्या पट्ट्याची असते. नुसती निळी वायर अँटेनाची असते. त्यात गल्लत केली तर रेडिओ लावल्यावरच ॲम्प चालू होतो.

कंपनीचाच टचस्क्रीन असेल तर आरसीए बहुधा नसतात. मग ॲम्पमध्ये हाय-लेव्हल इनपुट हवा, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेता येतो. काही ॲम्प हा सिग्नल आला की स्वतः चालू होतात, त्यामुळे रिमोटची वायर शोधत बसावं लागत नाही. आरसीए घेणाराच ॲम्प असेल तर मध्ये स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीवर आणणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावावा लागतो.

आता एक गोष्ट जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कंपनीचे अनेक स्टिरिओ आवाज वाढवला की मूळ छोटे स्पीकर वाचवायला बेस गुपचूप कमी करतात. तुम्ही भारी सबवूफर लावता, हळू आवाजात तो छान वाजतो, आणि आवाज वाढवल्यावर बेस जागच्या जागी थांबतो. दोष ॲम्पचा नसतो. अशा गाडीत हा कापलेला बेस भरून काढणारा प्रोसेसर, किंवा असा डिजिटल प्रोसेसर (डीएसपी) आत असलेला ॲम्प लागतो. गाडीत कंपनीचा वेगळा ॲम्प आधीच बसवलेला असेल तर गुंता आणखी वाढतो; काही गाड्यांत स्टिरिओकडून त्या ॲम्पकडे सिग्नल फायबर ऑप्टिकमधून जातो आणि वायर कापून काहीच मिळत नाही. म्हणून खरेदीआधी तुमच्या नेमक्या मॉडेलमध्ये काय आहे ते शोधाच. आणि शक्य असेल तिथे वायर न कापता मॉडेलप्रमाणे मिळणारं जोडणीचं हार्नेस वापरा. वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं.

८. वायर, फ्यूज आणि अर्थ

ॲम्पच्या बजेटमध्ये वायरिंगचे पैसे पहिल्यापासून धरा. शेवटी उरलेल्या पैशांत वायर घेतली की स्वस्त किट गळ्यात पडतं.

बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण ५ मीटर वायर लागते. तेवढ्या लांबीला ३५ ॲम्पिअरपर्यंत ८ गेजची, म्हणजे ८ चौरस मिलिमीटरहून थोडी जास्त तांब्याची वायर चालते. ९० ॲम्पिअरपर्यंत ४ गेजची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची घ्या. त्यापुढे ० गेज. वायरवर जाड प्लॅस्टिक चढवून आत कमी तांबं ठेवलेली ‘४ गेज’ बाजारात भरपूर आहे, त्यामुळे बाहेरच्या जाडीवर जाऊ नका. टोक सोलून बघा आणि चौरस मिलिमीटरचा आकडा विचारा. ‘सीसीए’ लिहिलेली वायर म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. तीच घ्यायची असेल तर एक माप जाड घ्या.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. याचं कारण समजून घ्या: तो फ्यूज ॲम्पसाठी नसून वायरसाठी आहे. बॉनेटखालून येताना ही वायर कुठे पत्र्याला घासली आणि आवरण फाटलं तर बॅटरीचा सगळा करंट तिथून वाहतो आणि आग लागते. डिकीतला फ्यूज तिथे काही करू शकत नाही. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट न घालता वायर ओढू नका, आणि फिटर ‘फ्यूज ॲम्पमध्ये आहेच की’ म्हणाला तर काम तिथेच थांबवा.

अर्थची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि जमेल तितकी आखूड हवी. बॉडीचा रंग सॅंडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, लग घट्ट बोल्ट करा, वर गंजरोधक लावा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडू नका. तो बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवण्यासाठी आहे. ड्रिल करण्याआधी पत्र्याखाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची लाइन नाही ना, ते वाकून बघा.

आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची वायर दुसऱ्या बाजूने न्या. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी ‘कुईं’ स्पीकरमधून येत असेल तर पहिला संशय अर्थवर घ्या.

९. ॲम्प कुठे बसवायचा

पुढच्या सीटखाली किंवा डिकीत, हवा लागेल आणि पाणी लागणार नाही अशा जागी. एसीच्या पाइपमधून पाणी ठिबकतं तिथे नको. सबवूफरच्या खोक्यावर तर मुळीच बसवू नका, हादऱ्यांनी आतले जोड सैल होतात. पालथा टांगलेला ॲम्प स्वतःच्याच उष्णतेने तापतो. खरेदीआधी लांबी-रुंदी-उंची मोजा आणि टर्मिनलच्या बाजूंना वायर वळायला हाताच्या पंजाएवढी जागा सोडा.

१०. गेन लावा, मीटरने

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओ जितके व्होल्ट देतो त्याच्याशी ॲम्पला जुळवून घेणारी ती खुंटी आहे. सतारीची तार जशी सुराला नेमकी ओढतात तशीच ही नेमक्या जागी आणायची, आणि तिथून हलवायची नाही. बरेच स्पीकर या खुंटीपायी जळतात, म्हणून क्रम जसाच्या तसा करा:

१. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून काढा. स्टिरिओचे बेस, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर सगळे शून्यावर. ॲम्पचा बेस बूस्ट बंद, फिल्टर बंद, गेन पूर्ण खाली.

२. हवे ते व्होल्ट काढा: वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट, ४ ओहम असेल तर ३०० चं वर्गमूळ १७.३ व्होल्ट. सबवूफरसाठी ३०० वॅट, २ ओहम असेल तर ६०० चं वर्गमूळ २४.५ व्होल्ट. वॅट म्हणून ॲम्प आणि स्पीकर यांच्यापैकी कमी असलेला आरएमएस आकडा घ्या.

३. इंजिन चालू ठेवा, गाडी मोकळ्या हवेत असू द्या. ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा टेस्ट टोन लावा. साध्या मल्टिमीटरना वरच्या फ्रिक्वेन्सी नीट मोजता येत नाहीत, म्हणून दरवाजाच्या चॅनेललाही फिल्टर बंद ठेवून हाच टोन चालतो. फोनवरून लावत असाल तर ॲपमधलं व्हॉल्यूम सारखं करणारं सेटिंग बंद करा.

४. स्टिरिओचा आवाज कमाल आकड्याच्या तीन-चतुर्थांशावर आणा. कमाल ४० असेल तर ३०.

५. मीटर एसी व्होल्टवर लावून तारा ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला टेकवा आणि हवे ते व्होल्ट दिसेपर्यंत गेन अगदी सावकाश वर न्या. आकडा आला की हात काढा.

६. सगळं बंद करून स्पीकर जोडा, मग फिल्टर लावा. दरवाजांना हाय-पास (फक्त वरचे सूर सोडणारा) ८० हर्ट्झ, सबवूफरला लो-पास (फक्त खालचे सूर सोडणारा) ८० हर्ट्झ. खोक्याला पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठेवलेलं भोक असेल तर अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर पोर्टच्या ट्यूनिंगच्या थोडा खाली, बहुतेक वेळा २५ ते ३० हर्ट्झच्या दरम्यान. पोर्टच्या खोक्यात त्याखालच्या सुरांना कोन हवेचा आधार नसल्यासारखा धावतो आणि फाटतो.

मीटर व्होल्ट दाखवतो, विकृती दाखवत नाही. म्हणून ओळखीचं गाणं लावून एकदा कानाने तपासा. आवाज फाटल्यासारखा वाटला तर गेन थोडा खाली आणा. बेस कमी वाटला म्हणून बेस बूस्टची खुंटी फिरवायचा मोह आवरा. १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुरांवर ॲम्पकडून सोळापट पॉवर मागणं.

११. सेकंड हॅंड घेत असाल तर

चांगला जुना ॲम्प कमी पैशांत मिळतो, पण समोर वाजवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. मागचं झाकण उघडून तळाच्या प्लेटवर पाण्याचे डाग, फुगलेले कपॅसिटर, जळाल्याचा वास आणि नंतर केलेलं सोल्डरिंग बघा. फ्यूज मूळ आकड्याचाच आहे ना ते मॅन्युअलशी ताडून पाहा. मोठा बसवलेला असेल तर त्या ॲम्पला कोणीतरी छळलेलं आहे. प्रत्येक चॅनेल वेगवेगळा वाजवा आणि किमान अर्धा तास चालू ठेवा, कारण बरेच दोष ॲम्प तापल्यावरच बाहेर येतात.

१२. बसवल्यानंतर

पहिल्या लांब फेरीनंतर गाडी थांबवा आणि मुख्य फ्यूजचा होल्डर, अर्थचा बोल्ट, ॲम्पचे टर्मिनल बोटाने चाचपा. ॲम्प कोमट लागणं ठीक आहे. पण वायरची जोड गरम लागली तर तिथे जोड सैल आहे किंवा वायर बारीक पडते आहे. बॅटरीचा मायनस काढून ती जोड पुन्हा करा. लाल दिवा लागत असेल तर क्रमाने बघा: सगळ्या स्पीकरच्या वायरी काढून दिवा जातो का, गेला तर एकेक वायर परत जोडा आणि ज्या वायरीने दिवा लागतो तिचा शॉर्ट शोधा, बहुधा दरवाजाच्या बिजागरीपाशी आवरण चेमटलेलं असतं. वायरी काढूनही दिवा जात नसेल तर ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. इंजिन चालू असताना तिथे १३ च्या खाली दिसलं तर अर्थपासून मागे बॅटरीपर्यंत एकेक जोड तपासत जा. तिथले व्होल्ट बरोबर असतील आणि स्पीकर सुटे असूनही दिवा तसाच असेल, तर दोष ॲम्पच्या आत आहे. तो उघडायला जाणकाराकडेच द्या.